म्हसवडचा रेडिओ आणि त्यामागची शंभर वर्षं

माणदेशाचा आवाज मराठी रेडिओवर फार लवकर पोचला, पण पोचला तो पुण्याहून. माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात दीर्घकाळ नोकरीला होते. त्यांचे थोरले बंधू गदिमा यांनी लिहिलेलं आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेलं ‘गीतरामायण’ १९५५ साली त्याच केंद्रावरून आठवड्याला एक गीत असं ऐकू येऊ लागलं. पाऊस ज्या मुलखाला कायम हुलकावणी देतो, त्या मुलखातल्या एका घरानं मराठी रेडिओला त्याचं सर्वांत गाजलेलं काव्य दिलं आणि शेतकऱ्याशी शेतकऱ्यासारखं बोलायची रीतही दिली. माणदेशात स्वतःचा माइक यायला मात्र २००८ साल उजाडलं. त्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये ९०.४ मेगाहर्ट्झवर ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली.

मधल्या काळात माण, आटपाडी, सांगोला या भागातली माणसं रेडिओ नुसती ऐकत होती. या पुस्तकाचा विषय तो ऐकण्याचा काळ आहे आणि त्यानंतर आलेला बोलण्याचा काळही. दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय लहान गावाच्या रेडिओचा इतिहास पुरा होत नाही, हे लेखिकेचं म्हणणं मला पूर्णपणे पटतं. आपल्याकडे रेडिओचा इतिहास लिहिताना उद्घाटनाची तारीख, उद्घाटक मंत्री, ट्रान्समीटरची ताकद आणि गाजलेल्या कलावंतांची नावं एवढ्यावर भागवलं जातं. माइकसमोर कोणाला बसवलं, कोणाला दारातूनच परत पाठवलं आणि जे बोलले त्यांचं बोलणं पुढे कुठं गेलं, हे प्रश्न त्यात येत नाहीत. मी आयुष्यातली बरीच वर्षं स्टुडिओत काढली. माझ्या मते हेच प्रश्न आधी विचारायला हवेत.

या विषयात नवख्या असलेल्या वाचकासाठी आधीचा रस्ता थोडक्यात सांगतो. मुंबईत १९२३ साली रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी प्रसारण सुरू केलं. १९२७ मध्ये इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र उघडलं. तीन वर्षांत कंपनी बुडाली आणि सरकारनं कारभार हाती घेतला. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली. त्यांतलं एकटं मुंबई मराठी मुलखात होतं. नागपूर १९४८ मध्ये सुरू झालं, पुणे १९५३ मध्ये, सांगली १९६३ मध्ये, परभणी १९६८ मध्ये. जळगाव आणि रत्नागिरी सत्तरीच्या दशकात आली. माणदेशाला खरा आधार सांगलीचा झाला. सांगली केंद्र मध्यमलहरींवर होतं. या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, म्हणून दिवसा ते आटपाडीच्या रानातही स्वच्छ लागे. रात्री याच लहरी आकाशातल्या वरच्या थरांवरून परत फिरतात आणि दूरदूरची केंद्रं एकमेकांत मिसळतात. अंधार पडल्यावर सांगली लावताना मधेच परकी भाषा घुसल्याची आठवण या भागात ज्याला त्याला आहे. पुस्तकातही ती अनेकांच्या तोंडून येते.

सरकारी रेडिओ म्हणजे वरून खाली बोलणारा रेडिओ, असं सरसकट म्हणायची आता पद्धत झाली आहे. ते अर्धंच खरं आहे, आणि ते पूर्ण खरं का नाही हे बघायचं तर १९५६ सालाकडे जावं लागतं. त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्रावरून एक प्रयोग झाला. युनेस्कोचं साहाय्य होतं, मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकरी श्रोतामंडळांची होती. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली गेली. गावागावांत श्रोतामंडळं केली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी रेडिओभोवती जमायची, ऐकायची, मग आपसांत चर्चा करायची. जे प्रश्न उरायचे ते लिहून केंद्राकडे पाठवायचे आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांना उत्तर मिळायचं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाची पाहणी केली आणि तिचं काम पॉल न्यूरथ यांच्याकडे होतं. त्यांनी मंडळं असलेल्या गावांची तुलना रेडिओ आहे पण मंडळ नाही अशा गावांशी केली, आणि रेडिओच नाही अशा गावांशीही केली. जिथं मंडळं होती तिथं माणसांच्या माहितीत मोठी भर पडली. जिथं नुसता रेडिओ होता तिथं ती फारच थोडी पडली.

हा निष्कर्ष आज कोणी फारसा आठवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रेडिओ खोक्यातून जे बोलतो त्यानं फारसं काही बदलत नाही. ऐकून झाल्यावर चावडीवर जी चर्चा होते आणि तिथून जो प्रश्न उलट केंद्राकडे जातो, त्यानं फरक पडतो, हे ग्रामीण महाराष्ट्रानं सत्तर वर्षांपूर्वी जगाला आकड्यांनिशी दाखवून दिलं होतं. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांनी न्यूरथ यांच्यासह त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १९५९ पासून ही श्रोतामंडळं देशभर सुरू करण्याचा कार्यक्रमही आला. देशभर नेताना मंडळांची संख्या वाढली, उत्तर देणारी यंत्रणा मात्र तेवढी वाढली नाही. हळूहळू मंडळं कागदावर राहिली.

दुसरी गोष्ट आवाजचाचणीची. आकाशवाणीवर गायचं, वाजवायचं तर आधी चाचणी द्यावी लागे आणि पास झालेल्या कलावंताला बी, बी-हाय, ए अशी श्रेणी मिळे. या पद्धतीनं अनेक गुणी माणसांना मान आणि मानधन मिळालं. दरमहा येणाऱ्या करारपत्रावर आणि चेकवर घर चालवणारे वादक मी पाहिलेत, म्हणून मी तिची टवाळी करणार नाही. पण चाचणीचा साचा बैठकीच्या गाण्यासाठी बनलेला होता. रात्रभर चालणारी धनगरी ओवी त्यात कशी बसवायची? ती ढोलाबरोबर चढत जाते, ऐकणाऱ्यांच्या हुंकारावर वळण घेते. पंधरा मिनिटांच्या चौकटीत, बंद खोलीत, समोर कोणी नसताना ओवी म्हणायला सांगितली की म्हणणारा गोंधळतो आणि चाचणी घेणाऱ्याला वाटतं, याला येत नाही. हीच गत बोलण्याची. शेतीतज्ज्ञ लिहून आणलेलं भाषण वाचायचा आणि शेतकऱ्याचं बोलणं ‘संवादा’च्या रूपात दुसरंच कोणीतरी म्हणायचं. माडगूळकरांसारखी माणसं आत होती म्हणून त्या संवादांना माती लागलेली असायची. पण ती माणसं मोजकीच होती.

आणि जे थोडं अस्सल ध्वनिमुद्रित झालं त्याचं काय झालं, हे मला जवळून सांगता येईल. मी उमेदवारी केली त्या केंद्रात पाव इंची टेपच्या चकत्या असत. संकलन ब्लेडनं व्हायचं. टेप हातानं पुढे-मागे फिरवून नको असलेला श्वास किंवा खोकला शोधायचा, पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, तिरका छेद द्यायचा आणि पांढऱ्या चिकटपट्टीनं दोन टोकं जोडायची. खाली सांडलेल्या तुकड्यांत कोणाच्या तरी आईच्या जात्यावरच्या ओवीचा अर्धा चरण पडलेला असायचा. प्रसारण झालं की टेप परत कोठारात. टेप महाग, खरेदी मंजूर होऊन यायला महिने लागायचे. म्हणून नामवंतांच्या चकत्यांवर ‘जतन’ असा शिक्का बसायचा आणि बाकीच्या पुसणीयंत्रावर ठेवल्या जायच्या. हे यंत्र म्हणजे एक मोठं विद्युतचुंबक. त्यावर चकती दोन-चार वेळा गोल फिरवली की अर्ध्या तासाचा कार्यक्रम काही सेकंदांत नाहीसा. पुसल्या गेलेल्या टेपा जवळजवळ सगळ्या खेड्यातल्या माणसांच्या असत. शिक्का कोणावर मारायचा याचा नियम होता आणि त्या नियमात ती बसत नव्हती.

आता जरा महाराष्ट्राबाहेर. लहान गावाच्या रेडिओमागे जगभर निरनिराळे विचार उभे राहिले आणि त्यांची ओळख असली की म्हसवडचं वेगळेपण कळतं. कोलंबियात सुतातेन्सा नावाच्या डोंगरी गावात १९४७ साली होसे होआकीन साल्सेदो या धर्मगुरूनं एक छोटा ट्रान्समीटर लावून शेतकऱ्यांना अक्षरओळख शिकवायला सुरुवात केली. त्याचं पुढे देशव्यापी ‘रेडिओ शाळां’चं जाळं झालं. केंद्र जसजसं मोठं झालं तसतसं ते त्या गावाचं राहिलं नाही. बोलिव्हियात कथलाच्या खाणीतल्या कामगारांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःच्या पगारातून वर्गणी काढून केंद्रं उभारली. संप असो, लग्न असो की हरवलेलं पोर असो, सगळं त्यावरून जाई आणि लष्करानं ती केंद्रं पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त केली. अमेरिकेत बर्कलीला १९४९ मध्ये श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं पॅसिफिका घराण्यातलं पहिलं केंद्र, केपीएफए, सुरू झालं. ब्रिटनमध्ये बीबीसीनं १९६७ मध्ये लेस्टरपासून स्थानिक केंद्रांची सुरुवात केली. ती चांगली होती, पण मालकी बीबीसीचीच. शिकवणारा रेडिओ, लढणारा रेडिओ, श्रोत्यांच्या पैशाचा रेडिओ आणि मोठ्या संस्थेची गावातली शाखा, अशा या चार वाटा. आपल्या शेजारी श्रीलंकेत कोटमळे इथलं केंद्र आणि नेपाळमध्ये १९९७ साली सुरू झालेलं ‘रेडिओ सगरमाथा’ यांनी दक्षिण आशियाला सामुदायिक रेडिओची पाचवी वाट दाखवली. ती आपल्याला जवळची होती, आणि तरी आपण तिच्यावर उशिरा आलो.

उशीर का झाला याचं मूळ १८८५ च्या तार कायद्यात आहे. त्या कायद्यानं बिनतारी प्रसारणाची मक्तेदारी सरकारकडे ठेवली आणि स्वतंत्र भारतानं ती तशीच पुढे चालवली. छोट्या ट्रान्समीटरची धास्ती सरकारला का वाटते हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. १९४२ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला. १९५५ पासून गोवामुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीलगतच्या जंगलातून स्वातंत्र्याचा आवाज गोव्यात पोचवला. दोन-चार माणसं आणि एक यंत्र एवढ्यावर साम्राज्याची झोप उडते, हे आपणच सिद्ध केलं होतं. सत्ता हातात आल्यावर ती गोष्ट नव्या राज्यकर्त्यांच्याही लक्षात होती.

आकाशवाणीच्या आतूनही एक प्रयत्न झाला. १९८४ मध्ये नागरकोविलला पहिलं ‘स्थानिक केंद्र’ निघालं आणि मग महाराष्ट्रातही बीड, सातारा, धाराशिव, धुळे, नांदेड अशा जिल्ह्याच्या गावांत एफएम केंद्रं आली. जिल्ह्याचं गाव आणि तालुक्याचं गाव यांत मात्र बराच फरक असतो. या केंद्रांनी नैमित्तिक उद्घोषकांची एक सबंध पिढी घडवली. कॉलेजात शिकणारी, दुकान सांभाळणारी ही मुलं-मुली महिन्याला मोजक्या ड्युट्या करून गावभर ओळखीची व्हायची. त्यांचा स्वतंत्र इतिहास कोणीतरी लिहायलाच हवा.

कुलूप उघडलं ते क्रिकेटमुळे. बंगाल क्रिकेट संघटना आणि माहिती व प्रसारण मंत्रालय यांच्यातल्या सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल दिला की, प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या निकालाचे एक लेखक न्या. पी. बी. सावंत होते, हे महाराष्ट्रानं अभिमानानं लक्षात ठेवावं. पण सार्वजनिक मालमत्ता म्हटल्यावर आधी लिलाव झाला. खासगी एफएम शहरांत आलं. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना छोट्या केंद्रांची परवानगी मिळाली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये ती स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांपर्यंत पोचली. १०० वॅट ताकद, ३० मीटरपर्यंत मनोरा, साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा टापू, निम्मे कार्यक्रम तिथंच तयार केलेले आणि स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, अशा अटी होत्या. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या, आताच्या तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी स्त्रियांचं ‘संगम रेडिओ’ सुरू झालं आणि त्याच वर्षी म्हसवडचं. महाराष्ट्रात बारामतीची वसुंधरा वाहिनी, जत तालुक्यातल्या जालिहाळची येरळावाणी अशी आणखी केंद्रं आली. आज देशात ती सुमारे ५०० आहेत.

म्हसवडच्या केंद्रामागे माणदेशी फाउंडेशन आहे. चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये इथं सुरू केलेली महिला सहकारी बँक मराठी वाचकांना ठाऊक आहे. बँकेतून रेडिओ कसा निघतो, हे मला या पुस्तकातलं सर्वांत मोलाचं वाटतं. कर्ज घ्यायला आलेली बाई आपली अडचण सांगते. ती एकटीची नाही, शेजारच्या दहा गावांची आहे, हे काउंटरवर बसलेल्या बाईला कळतं. ते सगळ्यांना एकदम सांगायचं तर रेडिओ हवा. १९५६ च्या श्रोतामंडळात प्रश्न पोस्टानं पुण्याला जायचा. इथं प्रश्न विचारणारी स्टुडिओच्या दारात उभी असते, आणि उत्तर चुकलं तर आठवडी बाजारात गाठून तसं सांगते. केंद्राला जबाबदार धरायचं असेल तर याहून चांगली सोय मला माहीत नाही. गजीनृत्याचा ढोल आणि धनगरी ओवी इथं चाचणीच्या खोलीतून न जाता लागतात, हेही मोठं काम आहे.

आजच हा इतिहास का मांडायचा, याची कारणं उघड आहेत. मध्यमलहरींचे ट्रान्समीटर एकामागून एक बंद होत आहेत. आकाशवाणीच्या लहान केंद्रांच्या स्वतःच्या कार्यक्रमांचा वेळ आकसतो आहे. बऱ्याच स्मार्टफोनमधून एफएम गायब झालं, इतकं की २०२३ मध्ये केंद्र सरकारला ते चालू ठेवा असं कंपन्यांना कळवावं लागलं, आणि त्यात आपत्तीच्या वेळची गरज हे कारण दिलं होतं. ज्या मुलखात टँकर आणि जनावरांच्या छावण्या ही दर काही वर्षांनी येणारी वस्तुस्थिती आहे, तिथं ते कारण समजावून सांगावं लागत नाही. ‘व्हॉट्सअ‍ॅप असताना रेडिओ कशाला?’ असं विचारलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आवाज कोणाचा हे कळत नाही आणि खोटा निघाला तर जाब विचारायला ठिकाण नसतं. म्हसवडच्या केंद्राला दार आहे. बातम्यांवरची बंदी मात्र उठली पाहिजे. धरणात पाणी किती हे सांगायचं आणि ते कोणाकडे वळवलं हे सांगायचं नाही, ही विभागणी गावच्या रेडिओला न्याय देत नाही.

लेखिकेनं या पुस्तकात अधिकाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांना जास्त विचारलं आहे. म्हसवड, दहिवडी, आटपाडी, सांगोला इथल्या माणसांच्या आठवणी तिनं त्यांच्याच बोलीत ठेवल्या आहेत, प्रमाण मराठीत सारवलेल्या नाहीत. सुरुवातीला वाचताना अडखळायला होतं, दहा पानांनंतर कान जुळतो. केंद्राची बाजू घेताना ती हात राखत नाही, हे तिनं लपवलेलं नाही आणि मला ते चालतं. पैशाच्या हिशेबावरचा भाग मला तोकडा वाटला. जाहिरातींची मर्यादा आधी तासाला पाच मिनिटं होती, आता बारा आहे. तरीही छोट्या केंद्राचा खर्च कसा भागतो, पगार कोण देतं, देणगी आटली तर काय, यावर इतर केंद्रांची उदाहरणं घेऊन सविस्तर लिहायला हवं होतं. पुढच्या आवृत्तीत तिनं ते करावं असा माझा आग्रह राहील.

या पुस्तकाला जोडून एक काम मात्र थांबायला तयार नाही. सामुदायिक केंद्रांना परवान्याच्या अटीप्रमाणे कार्यक्रम तीन महिनेच जपावे लागतात. त्यानंतर ते ठेवले काय, पुसले काय, नियमाची हरकत नाही. टेपांच्या बाबतीत जे झालं ते हार्डडिस्कच्या बाबतीतही होऊ शकतं. म्हसवडच्या आणि इतर केंद्रांतल्या मंडळींनी जुनी ध्वनिमुद्रणं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावीत आणि प्रत्येकावर बोलणाऱ्याचं नाव, गाव, तारीख लिहावी. ज्यांच्या घरी सांगली-पुणे केंद्रावरून उतरवून घेतलेल्या कॅसेटी माळ्यावर पडल्या असतील, त्यांनी त्या ऊन आणि दमटपणा यांपासून दूर ठेवाव्यात. जुन्या प्लेअरवर घाईनं लावून बघू नयेत, कारण ठिसूळ झालेली फीत पहिल्याच फेऱ्यात तुटते. आधी ध्वनिमुद्रणातल्या जाणकाराकडून ती उतरवून घ्यावी आणि एक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्यावी.